वाळूतला ऑक्सिजन काढणारा माणूस

१८२३ सालचा हिवाळा. स्टॉकहोममधल्या एका घराचे स्वयंपाकघर. चुलीजवळ एक छोटी भट्टी आहे, ती क्वचितच पेटते. तिच्या शेजारी वाळूने भरलेले पात्र आहे, ते मात्र सतत गरम असते, कारण त्यावर काचेची भांडी ठेवून द्रावणे आटवायची असतात. अ‍ॅना सुंडस्ट्रोम ही घर सांभाळणारी बाई तिथेच जेवण रांधते. स्वयंपाकघराला लागून दोन साध्या खोल्या आहेत. त्यांत पाइनच्या लाकडाची दोन टेबले, फडताळावर बाटल्या, काच तापवून वाकवण्याचे टेबल आणि तोटी बसवलेली पाण्याची दगडी टाकी. तिच्याखाली अ‍ॅना रोज प्रयोगाची भांडी घासते. नळाचे पाणी नाही, गॅस नाही, विषारी धूर ओढून घेणारे धुराडे नाही.

युरोपातली सर्वात नावाजलेली रसायनशाळा ती हीच. तिचे मालक यन्स याकॉब बर्झीलियस तेव्हा ४४ वर्षांचे होते. त्यांच्याकडे शिकायला जर्मनीहून आलेला २३ वर्षांचा फ्रीडरिख व्होलर ही जागा पाहून चकित झाला. एवढ्या मोठ्या माणसाकडे मोठ्या भट्ट्या असतील, अशी त्याची कल्पना होती. त्याच हिवाळ्यात त्या खोल्यांमध्ये फ्लोरिनच्या संयुगांवर काम चालू होते. त्यातून १८२४ मध्ये एक तपकिरी, निस्तेज भुकटी हाती आली. ते सिलिकॉन होते.

आज सिलिकॉन म्हटले की चिप आणि सौर पत्रे आठवतात. पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजनच्या खालोखाल हेच मूलद्रव्य सर्वाधिक आहे. वाळू, गारगोटी, ग्रॅनाइट, विटांची माती या सगळ्यांत ते भरलेले आहे, पण सुटे कुठेच सापडत नाही. ऑक्सिजनने त्याला घट्ट धरून ठेवलेले असते. ही मिठी सोडवायची कशी, हा प्रश्न बर्झीलियस यांच्यापर्यंत आला तो वैद्यकाच्या आडवाटेने.

दक्षिण स्वीडनमधल्या व्हेव्हर्सुंडा या गावी २० ऑगस्ट १७७९ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील शिक्षक होते. याकॉब चार वर्षांचा असताना ते क्षयाने गेले. आईने एका पाद्र्याशी दुसरे लग्न केले, पण तीही काही वर्षांतच वारली. पुढे सावत्र वडिलांचे घर आणि मामाचे घर असे त्याचे बालपण गेले. मामाच्या घरात तो नकोसा होता. शाळेत असतानाच शिकवण्या करून तो स्वतःचा खर्च भागवू लागला. उप्साला विद्यापीठात वैद्यकासाठी नाव घातले, पण पैशांअभावी शिक्षण मधेच थांबले. त्या काळात त्याने एका औषधाच्या दुकानात उमेदवारी केली आणि एका इटालियन कारागिराकडून काच फुंकायला शिकला. हे कसब त्याला आयुष्यभर पुरले. लागणारी नळी स्वतः करता येत असेल, तर कारागिराची वाट पाहावी लागत नाही.

१८०० च्या उन्हाळ्यात मेदेवी इथल्या खनिज पाण्याच्या झऱ्यांवर तो तिथल्या वैद्याचा मदतनीस म्हणून गेला. दूरदूरचे रुग्ण ते पाणी प्यायला येत. त्यात नेमके काय आहे, याचे पृथक्करण त्याने केले. त्याच वर्षी इटलीच्या व्होल्टा यांच्या विद्युत घटाची बातमी युरोपभर पसरली. नव्या शोधाने सगळे आजार बरे होतील असे वाटण्याची खोड तेव्हाही होती. तरुण बर्झीलियस यांनी जस्त आणि तांब्याच्या चकत्यांचा घट स्वतः रचला आणि रुग्णांना विजेचे सौम्य झटके देऊन पाहिले. १८०२ च्या वैद्यकीय प्रबंधात त्यांनी निष्कर्ष प्रामाणिकपणे लिहिला: जवळपास कुणालाच फारसा फायदा झाला नाही.

रुग्ण बरे झाले नाहीत, पण घट हाती राहिला. खाणमालक व्हिल्हेल्म हिसिंगर यांच्या घरी राहत असताना दोघांनी क्षारांच्या द्रावणांतून वीज सोडली. प्रत्येक वेळी क्षाराचे दोन भाग झाले. एक भाग ऋण टोकाकडे गेला, दुसरा धन टोकाकडे. १८०३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे बर्झीलियस यांनी त्यातून एक मोठी कल्पना उभारली. प्रत्येक संयुग हे विरुद्ध विद्युतभार असलेल्या दोन घटकांचे असते आणि ते भारच त्यांना एकत्र बांधून ठेवतात. त्यांनी मूलद्रव्यांची एक रांग लावली. तिच्या एका टोकाला सर्वात ऋण म्हणून ऑक्सिजन, तर दुसऱ्या टोकाला पोटॅशियमसारखे धातू. या रांगेचा सरळ अर्थ असा की एखाद्या पदार्थातून ऑक्सिजन काढायचा असेल, तर ऑक्सिजनची त्याहून जास्त ओढ असलेला धातू शेजारी आणून ठेवायचा. शाळेच्या पुस्तकात याला क्षपण म्हणतात.

मधल्या काळात पोटाचा प्रश्न होताच. स्टॉकहोमच्या वैद्यक शाळेत त्यांना बिनपगारी साहाय्यकाचे पद मिळाले. शहरातल्या गरिबांसाठी नेमलेला डॉक्टर म्हणूनही त्यांनी काम केले. कृत्रिम खनिज पाणी आणि व्हिनेगर तयार करण्याच्या धंद्यात ते पडले आणि बुडाले. ते कर्ज फेडण्यात पुढची कित्येक वर्षे गेली. १८०७ मध्ये प्राध्यापकपद मिळाले तेव्हा कुठे श्वास घेता आला. त्याच सुमारास रक्त, पित्त, मूत्र, स्नायू यांच्या रसायनावर ते काम करत होते. स्नायूंमध्ये लॅक्टिक आम्ल असते, हे त्यांनीच दाखवले. १८१० मध्ये स्थापन झालेल्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक. वैद्यकाचे नोबेल आज तिथूनच ठरते.

त्यांचे खरे अस्त्र मात्र तराजू होते. सुमारे २,००० संयुगांचे त्यांनी पृथक्करण केले आणि मूलद्रव्यांच्या अणुभारांचे तक्ते तयार केले. त्यांतले बरेच आकडे आजच्या आकड्यांच्या अगदी जवळ आहेत. मूलद्रव्याच्या लॅटिन नावाचे पहिले एक-दोन अक्षर हेच त्याचे चिन्ह, ही आज जगभरच्या वर्गांत शिकवली जाणारी पद्धत त्यांचीच. ‘कॅटॅलिसिस’, ‘आयसोमर’, ‘प्रोटीन’ हे शब्दही त्यांनीच सुचवले. व्होलर एकदा घाईघाईने पृथक्करण उरकून आला, तेव्हा काम झटपट झाले पण वाईट झाले, असे त्यांनी त्याला शांतपणे सुनावले.

१८१७ हे वर्ष त्या स्वयंपाकघराच्या दृष्टीने भरभराटीचे ठरले. गंधकाम्लाच्या एका कारखान्यातल्या लालसर गाळात त्यांना सेलेनियम सापडले. त्याच्या हायड्रोजनसोबतच्या वायूचा एक छोटा बुडबुडा हुंगल्यावर काही तास त्यांना कशाचाच वास येईना, नाक आणि डोळे जळजळले. धुराडे नसलेल्या प्रयोगशाळेची किंमत अशी चुकवावी लागे. त्याच वर्षी त्यांचा विद्यार्थी आर्फवेड्सन याला ऊटो बेटावरच्या एका खनिजात नवे मूलद्रव्य आढळले. दगडात सापडले म्हणून ‘दगड’ या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव लिथियम पडले. आज मनोविकारांवरच्या औषधात आणि मोबाइलच्या बॅटरीत आहे ते हेच.

वाळूकडे मात्र अनेकांनी हात टेकले होते. ती एखाद्या अज्ञात मूलद्रव्याचे ऑक्साइड असावी, असा संशय लाव्हाझिए यांनी आधीच व्यक्त केला होता. इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या जोरावर पोटॅशियम आणि सोडियम सुटे केले, पण वाळूने त्यांना दाद दिली नाही. १८११ मध्ये पॅरिसमध्ये गे-ल्युसाक आणि तेनार यांनी वाळूपासून केलेला फ्लोरिनयुक्त वायू पोटॅशियमवर सोडला. हाती तांबूस-तपकिरी गोळा आला. त्यात सिलिकॉन होते, पण इतर गोष्टींत गुंतलेले, आणि ते वेगळे ओळखले गेले नाही.

बर्झीलियस यांनी वाट साधारण तीच घेतली. वाळू आणि पोटॅशियम थेट एकत्र तापवले, तर सुटा होणारा ऑक्सिजन पोटॅशियमला मिळतो आणि ते ऑक्साइड उरलेल्या वाळूशी जुळून नवी काच होऊन बसते. म्हणून आधी वाळूतला ऑक्सिजन फ्लोरिनच्या हाती सोपवायचा. फ्लोरिनचे खनिज, वाळू आणि गंधकाम्ल एकत्र केले की सिलिकॉन आणि फ्लोरिन यांचा वायू निघतो. तो पाण्यात घेऊन त्यात पोटॅशियमचा क्षार घातला की बुळबुळीत साका बसतो. तो सुकवला की पांढरी पूड मिळते आणि तिच्यात ऑक्सिजन नसतो. या पुडीत पोटॅशियमचे तुकडे मिसळून तापवले की मिश्रण आपोआप लालबुंद होते. पोटॅशियम फ्लोरिनला ओढून घेते आणि सिलिकॉन मागे उरते. हे काम जोखमीचेच होते. फ्लोरिनचे आम्ल काच खाते आणि त्वचेतून आत उतरून हाडापर्यंत इजा करते.

इथपर्यंत पॅरिसकरही पोचले होते. फरक पडला तो पुढच्या कंटाळवाण्या कामात. तो तपकिरी गोळा पाण्यात टाकला की फसफसून हायड्रोजन निघे, कारण थोडे सिलिकॉन पोटॅशियमशीच जुळलेले असे आणि पाणी त्याचे विघटन करी. बर्झीलियस यांनी ते धुतले, पुन्हा धुतले, मग गरम पाण्याने धुतले. गाळून निघालेले पाणी आटवल्यावर तळाशी काहीच राहत नाही, तोवर हे चालू ठेवायचे. मगच उरलेली भुकटी ऑक्सिजनमध्ये जाळायची, वजनात किती भर पडली ते मोजायचे आणि पुन्हा सिलिका तयार झाली का ते तपासायचे. ती झाली. एक चूकही राहिली. सिलिकॉनच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे तीन अणू असतात असे त्यांनी धरले होते, प्रत्यक्षात ते दोन असतात. त्यामुळे सिलिकॉनचा त्यांनी काढलेला अणुभार दीडपट भरला. वजने बरोबर होती, त्यांचा अर्थ लावताना घसरण झाली.

याच सिलिकाशी त्यांची आणखी एक गाठ पडली, ती दुष्काळात. १८३० च्या दशकात उत्तर स्वीडनमध्ये धान्याची टंचाई झाली, तेव्हा तिथले गरीब लोक जमिनीतून निघणारी पांढरी, पिठासारखी माती भाकरीच्या पिठात मिसळत. तिला ‘डोंगराचे पीठ’ म्हणत. बर्झीलियस यांनी तिचे पृथक्करण केले तेव्हा ती बहुतांश सिलिका निघाली, सोबत थोडा सेंद्रिय अंश. पोट भरल्यासारखे वाटावे, एवढाच तिचा उपयोग. कॅरोलिन्स्कामधले त्यांचे सहकारी आंदेर्स रेट्झियस यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा त्यात अतिसूक्ष्म जीवांची कवचे दिसली.

त्यांतली बरीचशी कवचे डायाटम नावाच्या एकपेशीय शैवालाची असतात. हे शैवाल पाण्यात विरघळलेली सिलिका शोषून स्वतःभोवती काचेची डबी विणते. कुणाची डबी गोल, कुणाची होडीसारखी, तर कुणाची पिंपासारखी. तिच्यावर नॅनोमीटरच्या मापात मोजावी लागणारी छिद्रे ओळीने मांडलेली असतात. इतकी बारीक, नियमित जाळी आजच्या कारखान्यालाही स्वस्तात जमत नाही. पण ती असते सिलिकाची, म्हणजे वीज न वाहणाऱ्या काचेची. ती तशीच्या तशी सिलिकॉनची करता आली तर?

कारखान्यातली पद्धत इथे चालत नाही. तिथे वाळू कोळशाबरोबर सुमारे २,००० अंश सेल्सियसला तापवतात. सिलिकॉन १,४१४ अंशांना वितळते, म्हणजे नक्षीचा थेंब होऊन जाणार. बर्झीलियस यांच्या पद्धतीतही वाळूचा आधी वायू होतो, त्यामुळे आकार पहिल्याच पायरीवर हरवतो. २००७ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये वेगळी वाट दाखवली. त्यांनी डायाटमची कवचे बंद नळीत मॅग्नेशियमच्या वाफेत ६५० अंशांवर ठेवली. बर्झीलियस यांच्या रांगेत मॅग्नेशियम पोटॅशियमच्याच बाजूचे. त्याची वाफ छिद्रांतून आत शिरते आणि ऑक्सिजन जागच्या जागी ओढून घेते. काहीच वितळत नसल्याने डबी डबीच राहते. फक्त तिच्या भिंतीत आता सिलिकॉन आणि मॅग्नेशियम ऑक्साइड यांचे कण एकमेकांत विणलेले असतात.

मग धुणे आलेच, या वेळी हायड्रोक्लोरिक आम्लाने. भिंतीचा जवळपास दोन तृतीयांश भाग मॅग्नेशियम ऑक्साइडचा असतो. तो विरघळून निघून जातो आणि त्याच्या जागी पूर्वीपेक्षाही बारीक पोकळ्या उरतात. अशा एका ग्रॅम सिलिकॉनचे आतबाहेरचे पृष्ठफळ ५०० चौरस मीटरहून अधिक भरले. म्हणजे चिमूटभर भुकटीत सहा बॅडमिंटन कोर्टे. नायट्रिक ऑक्साइड वायूचा स्पर्श होताच या कवचाचे विद्युत गुणधर्म चटकन बदलतात. दम्याच्या रुग्णाच्या उच्छ्वासात हाच वायू वाढलेला असतो. त्यामुळे असे सूक्ष्म वायुसंवेदक वैद्यकात उपयोगी पडू शकतात. त्याच संशोधकांनी याआधी टायटॅनियम आणि फ्लोरिनचा वायू वापरून कवचातले सिलिकॉन उडवून लावले होते आणि आकार तोच ठेवून त्या जागी टायटॅनियमचे ऑक्साइड बसवले होते. तिथेही सिलिकॉनला बाहेर नेणारा वाहक फ्लोरिनच.

सच्छिद्र सिलिकॉनची सर्वात जास्त गरज आज बॅटरीला आहे. लिथियम साठवण्याची सिलिकॉनची क्षमता, वजनाला वजन, ग्रॅफाइटच्या जवळपास दहापट आहे. अडचण अशी की लिथियम आत शिरले की सिलिकॉन फुगून तीन-चार पट होते, तडकते आणि काही वेळा चार्ज केल्यावर निकामी होते. आतच पोकळ्या असतील तर फुगायला जागा मिळते. लिथियम आणि सिलिकॉन ही दोन्ही मूलद्रव्ये सात वर्षांच्या अंतराने एकाच स्वयंपाकघराच्या आसपास जगापुढे आली होती. ती एकमेकांना भेटायला मात्र दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली.

बर्झीलियस यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध तितका सुखाचा नव्हता. तरुणपणापासून अर्धशिशीने त्यांचा पिच्छा पुरवला, पुढे संधिवाताची भर पडली. ज्या विद्युत कल्पनेने त्यांना वाळू फोडता आली, तीच त्यांना सेंद्रिय रसायनात नडली. सेंद्रिय रेणूतला हायड्रोजन काढून त्या जागी क्लोरीन बसवता येते, असे फ्रान्समध्ये ड्यूमा यांनी दाखवले. एक धन, दुसरा ऋण. मग एकाच्या जागी दुसरा बसेल कसा? बर्झीलियस यांनी हे अखेरपर्यंत मनापासून स्वीकारले नाही आणि तरुण रसायनज्ञ त्यांच्यापासून दुरावत गेले. वास्तविक मत बदलणे त्यांना जमत नव्हते असे नाही. क्लोरीन हे मूलद्रव्य नसून ऑक्सिजनचे संयुग आहे, असे ते अनेक वर्षे म्हणत होते आणि नंतर ते मत त्यांनी सोडले. भांडी घासताना अ‍ॅनाने त्या वासाला जुन्या नावाने ओळखले, तेव्हा यापुढे त्याला क्लोरीन म्हणायचे, असे त्यांनीच तिला बजावले होते. हा प्रसंग व्होलरने आठवणीने लिहून ठेवला.

अ‍ॅना १८०८ पासून त्यांच्याकडे होती. नुसती मोलकरीण नव्हे. रसायने, उपकरणे, कामाच्या रीती तिला पाठ होत्या आणि विद्यार्थी तिला वचकून असत. तिच्या नावावर एकही निबंध नाही. १८३५ मध्ये वयाच्या ५६व्या वर्षी बर्झीलियस यांनी एलिझाबेथ पोपियस या २४ वर्षांच्या तरुणीशी लग्न केले. त्या दिवशी राजाने त्यांना बॅरन हा किताब दिला. घरात मालकीण आली आणि पुढच्या वर्षी २८ वर्षांची नोकरी संपवून अ‍ॅना बाहेर पडली.

शेवटच्या काळात त्यांच्या पायांतले बळ गेले होते. ७ ऑगस्ट १८४८ रोजी स्टॉकहोम इथे त्यांचे निधन झाले. सिलिकॉनचे चकचकीत, धातूसारखे दिसणारे स्फटिक १८५४ मध्ये पॅरिसमध्ये सेंत-क्लेअर दव्हील यांनी तयार केले. बर्झीलियस यांनी ते पाहिले नाहीत. त्यांच्या ओळखीचे सिलिकॉन होते ती धुऊन धुऊन उरलेली तपकिरी भुकटी.